युरोपच्या गल्लींत अमेरिकेचा ट्रक

युरोपांतील जुन्या शहरांचे रस्ते मोटारीसाठीं आंखलेले नाहींत. आम्स्टरडॅममधील कालव्यांच्या कांठचे रस्ते सतराव्या शतकांतले. बोलोन्या, सिएना यांसारख्या इटालियन नगरांतील गल्ल्या त्याहूनहि कित्येक शतकें जुन्या. पायीं चालणारा माणूस, ओझ्याचें जनावर आणि फार तर एखादी घोडागाडी, एवढ्यांना पुरेल इतकीच त्यांची रुंदी. पुढें मोटार आली तेव्हां तिनेंहि या रस्त्यांचा मान राखला. इ. स. १९५७ सालीं फियाट कंपनीनें बाजारांत आणलेली ‘५००’ ही मोटार २ मीटर ९७ सेंटिमीटर लांब आणि १ मीटर ३२ सेंटिमीटर रुंद होती. दोनच वर्षांनीं इंग्लंडांत निघालेली ‘मिनी’ लांबीला ३ मीटर ५ सेंटिमीटर भरत असे. चार माणसें बसावींत, पेट्रोल कमी लागावें आणि जागा थोडी अडावी, हा त्या पिढीच्या मोटार-रचनाकारांचा ध्यास होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण युरोपच्या मोटारधंद्यानें त्या काळीं अक्षरशः पाळली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आज त्याच रस्त्यांवर एक निराळेंच वाहन दिसूं लागलें आहे. पुढें चार-पांच माणसांची ऐसपैस बैठक, मागें उघडा हौदा आणि तोंडाशीं भिंतीसारखी उभी लोखंडी जाळी, असा हा अमेरिकेचा पिकअप ट्रक. ‘रॅम १५००’ आणि ‘फोर्ड एफ-१५०’ हे त्याचे दोन प्रसिद्ध अवतार. लांबी सुमारें ५ मीटर ९० सेंटिमीटर. रुंदी बाजूचे आरसे सोडून २ मीटरांहून अधिक. वजन अडीच टनांच्या आसपास. १९५७ सालच्या दोन फियाट एकीमागें एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी अडेल, जवळजवळ तेवढी हा एकटा अडवितो. इंग्लंडांतील वाहनतळांवर एका गाडीसाठीं आंखलेली जागा सामान्यतः ४ मीटर ८० सेंटिमीटर लांब आणि २ मीटर ४० सेंटिमीटर रुंद असते. तेथें हा ट्रक उभा केला कीं त्याचें शेपूट मीटरभर बाहेर राहतें, आणि दारें उघडूं गेल्यास तीं शेजारच्या गाडीस खेटतात.

अशा गाड्यांची संख्या अद्यापि फार नाहीं. हे अगडबंब अमेरिकन ट्रक युरोपांत दरसाल कांहीं हजारच येतात. कोट्यवधि मोटारींच्या गर्दींत ते सहज मोजतां येतील. मग त्यांचा एवढा गवगवा कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा ट्रक म्हणजे एका व्यापक प्रवृत्तीचें टोंक आहे. ब्रुसेल्स येथील ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेनें २०२४ च्या जानेवारींत प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें युरोपांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारी दर दोन वर्षांनीं सरासरी एक सेंटिमीटरनें रुंद होत आहेत. २०१८ सालीं सरासरी रुंदी १७७.८ सेंटिमीटर होती. २०२३ च्या पूर्वार्धांत ती १८०.३ झाली. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढें अंतर. घरीं बसून ऐकणारास त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. परंतु पुष्कळ शहरांत रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्याच्या जागेची किमान रुंदी १८० सेंटिमीटर आहे, आणि आज विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं जवळजवळ निम्म्या त्या रेषेबाहेर जातात. रस्ता तर रुंद होत नाहीं. तेव्हां गाडीनें घेतलेलें प्रत्येक बोट सायकलवाल्याच्या किंवा पादचाऱ्याच्या वांट्यांतून कापलें जातें. इकडे मोठ्या गाड्या येत असतां तिकडे लहान गाड्या बाजारांतून नाहींशा होत आहेत. १९७६ पासून मध्यम स्थितींतील कुटुंबांची आवडती असलेली फोर्डची ‘फिएस्टा’ तयार करणें २०२३ च्या जुलैमध्यें बंद झालें.

हा ट्रक युरोपच्या गल्लींत आला कसा, हें समजण्यासाठीं त्याचें कूळ पाहिलें पाहिजे. मूळचा तो शेतकऱ्याचा आणि सुतार-गवंड्यांचा. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९४८ सालीं निघाली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत सित्रोएन कंपनीनें ‘२ सीव्ही’ ही आपली छोटी गाडी मांडली. तीहि शेतकऱ्यासाठींच होती. दोन माणसें आणि ५० किलो बटाटे घेऊन ती चालावी, आणि नांगरलेल्या शेतांतून जातांना टोपलींतलें अंडें फुटूं नये, अशी अट तिच्या रचनाकारांस घातली होती, हें प्रसिद्धच आहे. एकाच गरजेला दोन खंडांनीं दोन उत्तरें दिलीं. अमेरिकेंत जमीन अफाट, रस्ते रुंद आणि तेल स्वस्त. म्हणून तिचें उत्तर मोठें. फ्रान्समध्यें सारेंच तोलून-मापून. म्हणून त्याचें उत्तर लहान. आपापल्या जागीं दोन्ही उत्तरें योग्यच होतीं.

पुढें मात्र अमेरिकन ट्रकाला दोन कायद्यांचें खतपाणी मिळालें. आणि त्यांतल्या पहिल्याचें मूळ, गंमत अशी कीं, एका कोंबड्यांच्या भांडणांत आहे. १९६२ सालीं युरोपच्या सामायिक बाजारपेठेनें अमेरिकेंतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवरील जकात वाढविली. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं १९६३ च्या डिसेंबरांत त्याचें उट्टें काढलें. बटाट्याचें पीठसत्त्व, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालवाहू ट्रक या परदेशी जिनसांवर त्यांनीं शेंकडा २५ जकात बसविली. कोंबड्यांचें भांडण लोक विसरले. ट्रकांवरील जकात पुढें कित्येक दशकें टिकली, आणि तिच्या आडोशाला अमेरिकन कारखानदारांस परदेशी ट्रकांची धास्ती उरली नाहीं. दुसरा कायदा १९७५ सालचा. दोन वर्षांपूर्वीं तेलाची टंचाई झाली होती; म्हणून मोटारीनें एका गॅलनांत किती मैल गेलें पाहिजे याचे नियम करण्याचें ठरलें. परंतु ‘हलके ट्रक’ हीं कामाचीं वाहनें समजून त्यांस निराळें आणि सौम्य माप लावण्यांत आलें. मोटारीपेक्षां ट्रक विकण्यांत जाच कमी आणि नफा अधिक, हें कारखानदारांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. मग ट्रकांत मऊ गाद्या आल्या, मागें दुसरी बैठक आली, हौदा आंखडला आणि तोंड उंच झालें. ओझें वाहण्यास ठेवलेला गडी ओटीवर चढून यजमान होऊन बसला.

युरोपांत त्याचा शिरकाव झाला तोहि असाच, एका शब्दाच्या आडून. आणि तो शब्द म्हणजे ‘मालवाहू’. युरोपीय नियमांत साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांचा ‘एन-१’ नांवाचा स्वतंत्र वर्ग आहे. ज्याच्या मागें हौदा आहे तो पिकअप सहसा याच वर्गांत मोडतो. मग त्या हौद्यांत जन्मांत एक पोतें पडलेलें नसलें तरी चालतें. चालविण्यास साधा मोटारीचा परवाना पुरतो. कारागीर व दुकानदार यांच्या उपयोगी वाहनांवर कर हलका असावा, हें कोणत्याहि शहाण्या सरकारचें धोरण असणार. नेदर्लंडमध्यें धंदेवाल्यांच्या मालवाहू गाड्यांस नोंदणीचा भारी कर २०२४ च्या अखेरपर्यंत माफ होता. ब्रिटनमध्यें एक टन वा त्याहून अधिक ओझें पेलणाऱ्या दुहेरी बैठकीच्या पिकअपला करासाठीं व्हॅन समजत. तेव्हां कंपनीच्या खर्चानें गाडी वापरणारास मोटारीपेक्षां असा ट्रक घेणेंच स्वस्त पडे. सुतारासाठीं ठेवलेली सवलत अशा रीतीनें सुताराच्या नांवावर दुसऱ्यानेंच उचलली.

दुसरी वाट परवानगीची. युरोपांत नव्या मोटारीचा एक नमुना कसोशीनें तपासला जातो आणि तो उतरला म्हणजे त्याच जातीच्या लाखों गाड्या विकतां येतात. या तपासणींत पादचाऱ्याच्या डोक्यास व पायांस होणाऱ्या आघाताचीहि परीक्षा असते. तिचा पाया २००३ सालच्या एका आदेशानें घातला गेला. पण याखेरीज एकेका गाडीस स्वतंत्र मंजुरी देण्याचीहि सोय आहे. कोणी परदेशांतून बिऱ्हाड हलवितांना आपली जुनी गाडी बरोबर आणली, किंवा एखादें दुर्मिळ वाहन मागविलें, तर त्याची अडवणूक होऊं नये एवढाच तिचा मूळ हेतु. आयातदारांनीं या खिडकीचा दरवाजा केला. एक एक म्हणतां हजारों ट्रक त्या वाटेनें आंत आले, आणि नमुन्याच्या पूर्ण परीक्षेला त्यांतील एकालाहि बसावें लागलें नाहीं.

आतां या ट्रकाचा उपद्रव नक्की कोणता, तें पाहूं जातां दोन गोष्टी निरनिराळ्या केल्या पाहिजेत : वजन आणि उंची. वेग तोच ठेवून वजन दुप्पट केलें तर आघाताची शक्ति दुप्पट होते, हें शाळेंतील पदार्थविज्ञानांतच शिकवितात. हा नियम भोंवतो तो मुख्यतः समोरून येणाऱ्या लहान मोटारींतील माणसांस. पायीं चालणाराला मात्र एक टनाची गाडी काय आणि अडीच टनांची काय, दोन्ही डोंगरच. त्याचें जगणें-मरणें गाडीच्या वेगाखालोखाल तिच्या तोंडाच्या उंचीवर अवलंबून असतें. ठेंगण्या मोटारीचें तोंड माणसाच्या पायांस लागतें आणि तो बॉनेटवर कोलमडतो. हाडें मोडतात, पण पुष्कळदां जीव वांचतो. उंच तोंडाचा ट्रक कमरेच्या वर, छातीपोटाशीं आदळतो. मग माणूस बॉनेटवर न पडतां पुढें जमिनीवर फेंकला जातो, आणि चाकें त्याच दिशेनें येत असतात. लहान मुलाचें तर डोकेंच त्या लोखंडी जाळीसमोर येतें.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें पादचाऱ्यांचे सुमारें १८,००० अपघात तपासून २०२३ सालीं निष्कर्ष काढला. बॉनेट ३० इंचांपर्यंत उंच आणि उतरतें असलेल्या मोटारीच्या मानानें, ४० इंचांहून उंच तोंडाच्या वाहनाची धडक प्राणघातक ठरण्याचा संभव सुमारें शेंकडा ४५ नीं अधिक असतो. त्याच वर्षीं बेल्जममधील ‘व्हियास’ संस्थेनेंहि असेंच दाखविलें कीं, बॉनेटची उंची ८० वरून ९० सेंटिमीटर झाली तर पादचारी व सायकलस्वार यांच्या मृत्यूचा धोका शेंकडा ३० नीं वाढतो. आणि युरोपांतील नव्या मोटारींच्या बॉनेटची सरासरी उंची २०१० सालीं ७६.९ सेंटिमीटर होती, ती २०२४ सालीं ८३.८ झाली.

याहून मनास चटका लावणारी गोष्ट दृष्टीची आहे. इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठांत ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’साठीं करण्यांत आलेल्या आणि २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत असें आढळलें कीं, ‘रॅम टीआरएक्स’ या ट्रकाच्या अगदीं पुढें उभें असलेलें नऊ वर्षांपर्यंतचें मूल चालकाला मुळींच दिसत नाहीं. तें मूल कोणाच्या आड लपलेलें नसतें. भर उजेडांत, दप्तर पाठीशीं घेऊन, तें गाडीच्या तोंडाशीं उभें असतें. आणि उंच आसनावर बसलेल्या सावध, सज्जन चालकालाहि तें नसल्यासारखेंच असतें. उंटावरून शेळ्या हाकूं नयेत असें म्हणतात; येथें तर उंटावर बसलेल्याला शेळी दिसतच नाहीं.

२०२३ सालीं युरोपीय संघाच्या २७ देशांत मिळून रस्त्यांवर सुमारें २०,४०० माणसें दगावलीं. त्याच वर्षीं, लोकसंख्या बरीच कमी असलेल्या अमेरिकेंत सुमारें ४०,९००. या तफावतीचें सारें खापर ट्रकांवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. रस्त्यांची आंखणी, वेगाची मर्यादा, मद्यपान, पट्टा बांधण्याची संवय, अशीं अनेक कारणें तींत आहेत. परंतु युरोपानें अनेक वर्षांच्या चिकाटीनें जें कमावलें, तें हळूहळू गमावण्याचा एक मार्ग या ट्रकाच्या रूपानें दारांत उभा आहे, एवढें खास.

मग लोक हा ट्रक घेतात तरी कां? त्यांस केवळ डामडौलाचे भुकेले म्हणून भागणार नाहीं. जंगलांतलीं कामें करणारा, घोड्यांची गाडी ओढून नेणारा, डोंगरांत राहणारा यांना असल्या वाहनाचा खरा उपयोग असतो. पण शहरांतील गवंडी, नळजोडणीवाला किंवा वीजकामगार युरोपांत पूर्वींपासून बंद व्हॅन वापरीत आला आहे. फोर्डची ‘ट्रान्झिट’ १९६५ पासून त्यांच्या चाकरींत आहे. अशा व्हॅनची तळफळी ठेंगणी, माल पावसांत भिजत नाहीं आणि चोराच्या नजरेस पडत नाहीं. बाकीचे पुष्कळ लोक घेतात ते सुरक्षिततेसाठीं. उंच बसलें म्हणजे पुढचें लांबवर दिसतें. भोंवतालच्या गाड्या मोठ्या झाल्या, तेव्हां आपलीं मुलेंबाळें लहान गाडींत कशीं बसवावींत, असें आईबापांस वाटतें. ही भावना खोटी नाहीं. आणि खरी अडचण तीच आहे. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या गाडीच्या भीतीनें तिच्याहून मोठी गाडी घेतो, आणि त्याच पावलानें शेजाऱ्याची भीति वाढवितो. आपल्या मुलाभोंवतीं घातलेली तटबंदी दुसऱ्याच्या मुलावर चालून जाते. अखेर बळी तो कान पिळी हा न्याय रस्त्यावर उरतो, आणि त्यांत पायीं चालणाराला कानच काय तो असतो, बळ नसतें.

शहरांनीं यावर योजलेला उपाय त्यांच्या हातीं असलेल्या एकाच गोष्टींतून निघाला : गाडी उभी करण्याच्या जागेचें भाडें. पॅरिसमध्यें ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं या प्रश्नावर लोकांचा कौल घेण्यांत आला. मत देण्यास शेंकडा सहाहि नागरिक आले नाहींत; आलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ५४ जणांनीं जड गाड्यांचें भाडें तिप्पट करावें असें सांगितलें. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून बाहेरून येणारी १.६ टन वा अधिक वजनाची पेट्रोल-डिझेलची गाडी, किंवा २ टन वा अधिक वजनाची विजेची गाडी, शहराच्या मध्यभागीं उभी करण्यास तासाला १८ युरो पडूं लागले. सहा तास ठेवल्यास २२५. आपल्याच मोहल्ल्यांत गाडी ठेवणारे रहिवासी, अपंग व कारागीर यांस त्यांतून वगळलें. लियाँ शहरानें त्याच वर्षीं वजनाप्रमाणें दर लावतांना रहिवाशांसहि सोडलें नाहीं. जर्मनींतील फ्रायबुर्ग नगरानें लांबी पाहून वर्षाला २४०, ३६० आणि ४८० युरो असे तीन दर ठेवले होते. जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानें २०२३ च्या जूनमध्यें ते रद्द केले. लांबींत थोडाच फरक असतां दामांत एवढी उडी घेणें प्रमाणाला धरून नाहीं, हें त्याचें एक कारण होतें. न्याय मोठ्या गाडीलाहि मिळाला पाहिजे, हें यावरून दिसतें.

परंतु नगरपालिका भाडें वाढवूं शकते, व्याख्या बदलूं शकत नाहीं. ती बदलण्याचें काम सरकारांचें. आणि तें रडतखडत कां होईना, सुरू झालें आहे. पांच आसनांच्या पिकअपला फ्रान्सनें २०१९ पासून धुराच्या दंडकराच्या बाबतींत मोटारींच्याच रांगेंत बसविलें. नेदर्लंडमधील माफी १ जानेवारी २०२५ रोजीं संपली. ब्रिटनच्या करखात्यानें २०२४ च्या फेब्रुवारींत सवलत काढून घेतल्याचें जाहीर केलें, ओरड होतांच आठवड्याच्या आंत शब्द मागें घेतला, आणि अखेर २०२५ च्या एप्रिलपासून दुहेरी बैठकीच्या पिकअपला मोटार ठरविलें.

उलट दिशेनें ओढणारा दोरहि आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं अमेरिका व युरोपीय संघ यांनीं व्यापारासंबंधानें जें संयुक्त निवेदन काढलें, त्यांत मोटारींच्या बाबतींत एकमेकांचे निकष मान्य करण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. तसें शब्दशः घडलें, तर आज ज्या खिडकींतून एकेक ट्रक आंत येतो, तेथें महाद्वार उभें राहील. साठ वर्षांपूर्वीं कोंबड्यांवरून सुरू झालेल्या देवघेवीचें ओझें मग फ्लॉरेन्सच्या किंवा गेंटच्या गल्लींतील पादचाऱ्यानें वाहावयाचें.

रस्ता ही सर्वांच्या समाईक मालकीची वस्तु आहे. विहिरीवर ज्याची घागर मोठी त्याचें पाणी अधिक, असा न्याय कोणत्याहि गांवानें चालूं दिलेला नाहीं. रस्त्यालाहि तो लागूं नये. ज्याला खरोखर ओझें वाहावयाचें आहे त्याला मालवाहू गाडी मिळावी, तिची सवलतहि मिळावी. ज्याला ती केवळ बसण्या-मिरवण्यासाठीं हवी आहे, त्यानें तिला मोटार म्हणावें, मोटारीचा कर भरावा आणि मोटारीची परीक्षा द्यावी. वस्तूला तिच्या खऱ्या नांवानें हाक मारणें ही कायद्याची पहिली पायरी आहे. ती चढली, तर बॉनेटच्या पलीकडे उभें असलेलें तें नऊ वर्षांचें मूल कायद्याच्या तरी दृष्टीस पडेल.